देठाचं नाव, पानाची भाजी

भाजीचं नाव कुठून आलं, असं विचारलं की दोन प्रकारची माणसं दोन वाटांनी निघतात. काही जण शब्दाचा माग काढतात, काही जण रोपाचा. पुढच्या संवादातली मावशी गोव्यात वर्षानुवर्षं पोर्तुगीज आणि लॅटिन शिकवत आली. भाचा कृषी पदवीधर, नाशिककडच्या भाजीपाला पिकवणाऱ्या शेतकऱ्यांबरोबर काम करणारा. वादाचा विषय कोबी. तिचं म्हणणं, शब्द आपल्या उच्चाराच्या नियमांनी चालतो आणि त्या नियमांवाचून त्याचं मूळ सांगणं म्हणजे नुसता अंदाज. त्याचं म्हणणं, नाव शेतात आणि बाजारात पडतं, माणूस रोपाचा कोणता भाग खातो यावर पडतं. दोघांचं बोलणं जसं झालं तसं मांडतो. मला जिथे बोलावंसं वाटलं, तिथे मी मध्ये बोललो आहे.

भाचा : मावशी, कोबी हा शब्द मुळात लॅटिन, असं तू म्हणतेस. पण आम्ही कॉलेजात कोबीचं शास्त्रीय नाव शिकलो ते ब्रासिका ओलेरासिया. ब्रासिका म्हणजेच रोमन लोकांचा कोबी ना? मग ब्रासिकाचा कोबी कसा झाला?

मावशी : झालाच नाही. ब्रासिका हा शब्द लोकांच्या तोंडून जवळजवळ नाहीसा झाला. इटलीतल्या काही बोलींत त्याचे अवशेष राहिले, पण फ्रेंच, स्पॅनिश, पोर्तुगीज, रुमानियन यांपैकी कुणीही कोबीला त्या नावानं हाक मारत नाही. लिनियसनं १७५३ मध्ये वनस्पतींना नावं दिली तेव्हा ग्रंथातला हा शब्द पुन्हा वर काढला, आणि तुमच्या पाठ्यपुस्तकांत तो तिथून आला. लोकांचा शब्द वेगळा होता : काउलिस.

भाचा : त्याचा अर्थ?

मावशी : देठ. दांडा. ग्रीकमध्ये काउलोस, त्याचाही अर्थ तोच.

भाचा : पण देठ तर आपण कापून टाकतो! कोबीचं काय खायचं तर पान.

मावशी : म्हणून तर हा शब्द मला एवढा ओढतो. रोमच्या थोरल्या केटोनं इ. स. पू. १६० च्या सुमारास शेतीवर पुस्तक लिहिलं. सगळ्या भाज्यांत त्यानं कोबीला पहिला नंबर दिला. मेजवानीत भरपूर प्यायचं असेल तर आधी कच्चा कोबी व्हिनेगरमधून खा, असा सल्ला दिला, आणि जखमेवर पानं वाटून बांधायला सांगितली. तो कोबीच्या जाती सांगतो तेव्हा रोपाला ब्रासिका म्हणतो, आणि अमक्या जातीचा काउलिस जाड, तमक्या जातीचा बारीक, असं वर्णन करतो. त्याच्या लेखी ब्रासिका हे रोप आणि काउलिस हा त्या रोपाचा भाग. आता थोरला प्लिनी बघ. तो सव्वादोनशे वर्षांनंतरचा, इसवी सनाच्या पहिल्या शतकातला. त्यानं लिहिलंय की हल्ली बागांमध्ये अग्रमान काउलेसना आहे. काउलेस हे काउलिसचं अनेकवचन. म्हणजे एवढ्या काळात दांड्याचं नाव अख्ख्या भाजीला चिकटलं.

भाचा : ते कसं चिकटलं, हे मी सांगू शकतो. तू आजचा गड्डा डोळ्यांसमोर ठेवून बोलतेस. या कुळातलं जुनं रोप तसं नसतं. सरळ उंच दांडा, त्याला सुटी सुटी पानं. थंडी सरली की बगलेतून कोवळे कोंब फुटतात, फुलोरा यायच्या आधीचे. ते कोंब खुडायचे, जुड्या बांधायच्या आणि विकायच्या. गिऱ्हाईकाच्या हातात जे पडायचं तो दांडाच होता. बाजारात त्याला दांडाच म्हणणार. यात उच्चाराचा नियम कुठे आला?

मावशी : अजून आला नाही, येईल. कोंबांबद्दल मात्र तुझं बरोबर आहे. प्लिनीनं त्यांना स्वतंत्र नाव दिलंय, सिमा. कोबीच्या इतर भागांपेक्षा हे कोंब नाजूक आणि कोवळे असतात, असं तो सांगतो. पुढे एक हकीकतही देतो. अपिसियस नावाचा प्रसिद्ध खवय्या या कोंबांना नाक मुरडायचा. त्याचं ऐकून सम्राट टायबेरियसचा मुलगा ड्रुसस तेच करायला लागला, आणि त्यासाठी बापाची बोलणी खाल्ली. रोमच्या राजघराण्यात कोबीच्या कोंबावरून बापलेकांत खटका उडाला होता, बघ.

भाचा : आणि त्या सिमाचं पुढे काय झालं?

मावशी : ती डोंगरावर चढली. इटालियन आणि स्पॅनिशमधला चिमा-सिमा, फ्रेंचमधला सीम, अर्थ शिखर. रोपाचा शेंडा तो डोंगराचा शेंडा. दक्षिण इटलीत पुलियाकडे मात्र तिचा भाजीपणा टिकला आहे. तिथे सलगमच्या कुळातल्या कोंबांना चिमे दी रापा म्हणतात आणि शेवयांसारख्या पदार्थांत घालतात.

*

इथपर्यंत दोघांत खरा विरोध नव्हता. तो पुढे आला, आणि आला तो ‘ल’ या एका अक्षरावरून. मला या वादातला हा भाग सगळ्यांत मोलाचा वाटतो, म्हणून तो सविस्तर देतो.

मावशी : काउलिसमध्ये दोन नाजूक जागा आहेत. एक, ‘आउ’ हा जोडस्वर. दुसरी, दोन स्वरांच्या मधला ‘ल’. लॅटिनच्या लेकी वाढल्या तशी प्रत्येकीनं या दोन जागांची आपल्या रीतीनं विल्हेवाट लावली. स्पॅनिशनं ‘आउ’चा ‘ओ’ केला. लॅटिनमधला ‘आउरुम’ म्हणजे सोनं, तो स्पॅनिशमध्ये ओरो. ‘काउसा’चा कोसा. त्याच न्यायानं काउलिसचा कोल. कॅटलानमध्येही कोल. फ्रेंचनं आणखी एक केलं : ‘का’मधल्या ‘क’ला मऊ करून ‘श’पर्यंत नेलं. ‘काउसा’चा शोझ झाला, तसा काउलिसचा आधी शोल. अनेकवचनाच्या ‘स’समोर आल्यावर त्या ‘ल’चा ‘उ’ झाला, आणि उरला शू. फ्रेंच आई लेकराला ‘माझा शू’ म्हणते तेव्हा त्या एवढ्याशा शब्दात रोमन दांडा आहे. इटालियननं ‘आ’ आणि ‘उ’ यांच्या मध्ये ‘व’ घातला आणि कावोलो केलं, ‘ल’ मात्र जपला. रुमानियन सगळ्यांत दूरची. ती दोन स्वरांमधल्या लॅटिन ‘ल’चा ‘र’ करते. काउलिसचं लाडकं रूप कोलिकुलुस, म्हणजे छोटा दांडा, तुझा तो कोंब. मोल्दाव्हियाकडे त्याचा कुरेकि झाला, आणि कुरेकि म्हणजे आज कोबी.

भाचा : आणि पोर्तुगीज?

मावशी : पोर्तुगीजनं ‘ल’ सोडूनच दिला. दोन स्वरांमधला ‘ल’ तिला सोसत नाही. लॅटिन ‘दोलोर’ म्हणजे वेदना, पोर्तुगीजमध्ये दोर. ‘वोलारे’ म्हणजे उडणं, तो वोआर. काउलिसमधून ‘ल’ गेल्यावर ‘कोउ-ए’ असं काहीतरी उरलं. दोन स्वर असे शेजारी उघडे पडले की मध्ये ‘व’ येऊन बसतो. ‘आउदिरे’ म्हणजे ऐकणं, त्यातला ‘द’ गेला आणि ओउव्हिर झालं. ‘लाउदारे’ म्हणजे स्तुती करणं, त्याचं लोउव्हार झालं. अगदी त्याच रीतीनं कोउव्ह. हा शब्द जहाजातून आपल्या किनाऱ्याला लागला आणि त्याचा कोबी झाला. आता नीट बघ : कोबीतला ‘ब’ लॅटिनमध्ये नव्हताच. ‘ल’च्या जाण्यानं जी फट पडली, ती बुजवायला आलेला ‘व’ आपल्याकडे ‘ब’ झाला. ध्वनीचे हे नियम ठाऊक नसतील तर काउलिस आणि कोबी एकमेकांचे सगे आहेत हे जगात कुणीही पटवून देऊ शकणार नाही. सारखं दिसतं म्हणून नातं, हे मूळ शोधण्याचं शास्त्र नाही.

भाचा : थांब. नियमाचीच भाषा बोलायची तर मला एक शंका आहे. किल्लीला पोर्तुगीजमध्ये शाव्ह म्हणतात. आपण चावी म्हणतो, चाबी हिंदीवाले म्हणतात. तिथे मराठीनं ‘व’ ठेवला. मग कोउव्हचा कोवी का झाला नाही?

मावशी : ही शंका चांगली आहे. पोर्तुगालच्या उत्तरेला, मिन्यो आणि पोर्तोच्या बाजूला, ‘ब’ आणि ‘व’ वेगळे बोलत नाहीत, दोन्हीचा ‘ब’. जहाजांवर त्या मुलखातले लोक पुष्कळ होते. एक शब्द लिस्बनच्या माणसाच्या तोंडून ऐकला, दुसरा मिन्योच्या, असं होऊ शकतं.

भाचा : म्हणजे नियम कुठला लागू पडला हे बोलणारा माणूस कोण होता यावर ठरलं. खलाशी होता की पाद्री, माळी होता की स्वयंपाकी. मग तुझा नियम माझ्या बाजारात येऊन पोचलाच की.

मावशी : पोचला, पण नियमच होता म्हणून त्याचा माग लागला. उत्तरेकडे ‘व’चा ‘ब’ होतो हे ठाऊक नसतं तर तुझ्या शंकेला उत्तरच नव्हतं.

*

माझं मत इथे मावशीकडे झुकतं. भाच्याची शंका खरी, पण ती शंका काढता आली हीच नियमांची करामत. ‘चावी’ आणि ‘कोबी’ शेजारी ठेवून विसंगती दिसते, कारण दोन्हींकडून काहीएक अपेक्षा असते. पुढच्या भागात मात्र, गड्ड्याचा विषय निघाला तेव्हा, भाच्यानं तिला बराच वेळ अडकवून ठेवलं.

भाचा : मला सांग, पोर्तुगालात आज कोउव्ह म्हणजे काय?

मावशी : सर्वसाधारण कोबीवर्गच. पण घरोघरी जो लागतो तो कोउव्ह-गालेगा. उंच दांडा, सुटी गर्द पानं. ती केसांसारखी बारीक चिरून कालदू व्हेर्द नावाचं सार करतात.

भाचा : आणि गड्ड्याला?

मावशी : रेपोल्यू. स्पॅनिशमध्ये रेपोयो. पुन्हा फुटणं, पालवणं या अर्थाच्या क्रियापदातून आलेला.

भाचा : बघ! ज्यांच्याकडून शब्द आला ते लोक गड्ड्याला वेगळं नाव देतात आणि सुट्या पानांना जुनं. म्हणजे रोपाचं अंग बदललं की नाव बदलतं. वनस्पतीच्या दृष्टीनं गड्डा म्हणजे काय, तर न उलगडलेली एक प्रचंड कळी. शेंड्याची वाढ आखूड झाली, पानं एकमेकांवर आवळली. ही वेगळी वस्तू माळ्यांनी पिढ्यान् पिढ्या निवड करून घडवली. मग तिला देठ कोण म्हणेल? तिला डोकं म्हटलं. फ्रान्समध्ये उत्तरेकडच्या बोलीत काबोश म्हणजे डोकं, आणि इंग्रजांचा कॅबेज तिथून आला. इटलीत कावोलो काप्पुच्चो, टोपडं घातलेला कोबी. जर्मनीत ऱ्हाइनकाठी कापेस. सगळीकडे डोकं नाहीतर डोक्यावरचं काहीतरी. रोममध्ये गड्डे नव्हते म्हणून दांडा, उत्तर युरोपात गड्डे आले म्हणून डोकं. याला कसला ध्वनिनियम लागतो?

मावशी : रोममध्ये गड्डे नव्हते हे तुला कुणी सांगितलं? प्लिनी एकेक गावची जात सांगतो. एकीबद्दल तो म्हणतो, डोकं फार मोठं, पानं असंख्य, काहींची गोल गोळा झालेली. दुसरीचं डोकं कधी कधी फूटभर रुंद असतं. ‘डोकं’ हा शब्द त्याचाच आहे. तरी रोमच्या लोकांनी भाजीला दांडाच म्हटलं. डोकं दिसत असूनही नाव बदललं नाही. कारण तोवर काउलिस हा शब्द दांडा हा अर्थ विसरून गेला होता. कोबी म्हणजे काउलिस, बस्स. शब्द एकदा नाव झाला की त्याच्या पोटातला अर्थ झोपतो.

भाचा : फूटभर रुंद म्हणजे घट्ट आवळलेला गड्डा असं नव्हे. पानांचा पसरट घेरही तेवढा असतो. आणि खूप पिकत असेल तर वेगळं नाव लागतं. एखाद्या गावची ती खासियत असेल तर गावाचं नाव लावून भागतं. प्लिनीनं तेच केलंय ना, गावांची नावं? गड्डा सगळ्या बाजारांत आला तेव्हाच त्याला स्वतंत्र नावाची गरज पडली.

मावशी : हं. हे मी नाकारत नाही.

भाचा : आणि नाव झोपतं म्हणतेस, मग हिरवेपणावरून पडलेल्या नावांचं काय? तूच मागे सांगितलं होतंस.

मावशी : विरिदिया. ‘विरिदिस’ म्हणजे हिरवा, त्यावरून हिरव्या गोष्टी, पालेभाजी. बोलताना मधला ‘इ’ गिळून लोक ‘विर्दिस’ म्हणायचे. अपेंडिक्स प्रोबी नावाची एक जुनी यादी आहे, कुणा मास्तरानं केलेली : असं म्हणा, तसं म्हणू नका. त्यात ‘विरिदिस म्हणा, विर्दिस नको’ अशी नोंदच आहे. मास्तर हरले, लोक जिंकले. त्या चुकीच्या ठरवलेल्या उच्चारातून इटालियन वेर्त्सा, स्पॅनिश बेर्था आणि रुमानियन वार्झा आले. वेर्त्सा म्हणजे सुरकुतलेल्या पानांचा कोबी, वार्झा म्हणजे एकंदर कोबी. रुमानियात दक्षिणेला वार्झा, मोल्दाव्हियात कुरेकि. एकाच भाषेत एक हिरवा, एक दांडा.

भाचा : आता यात माझी बाजू बघ. ‘हिरवं’ हे कुठल्याही पाल्याचं नाव होऊ शकलं असतं. ते कोबीचंच का झालं? कारण थंडीत शेतात तेवढंच हिरवं उरतं. नाजूक भाज्या बर्फात जळतात, कोबी तग धरतो. हिवाळ्यात ‘हिरवं आण’ म्हटलं की कोबीच यायचा. सामान्य नाव विशेष नाव होतं ते अशा गरजेतून.

मावशी : तुझ्या बाजूनं मीच एक पुरावा देते. सम्राट डायोक्लेशियननं ३०५ मध्ये राज्य सोडलं आणि सालोनाजवळ, आजच्या क्रोएशियाच्या किनाऱ्याला, राहायला गेला. पुन्हा सत्तेवर या अशी विनवणी झाली तेव्हा तो म्हणाला, मी माझ्या हातांनी लावलेल्या भाज्या तुम्ही पाहिल्या असत्या तर हे मागितलंच नसतं. लॅटिनमध्ये शब्द आहे ‘ओलेरा’, म्हणजे भाज्या. इतिहासकार गिबननं इंग्रजीत रोमचा इतिहास लिहिताना त्याचा कोबी केला, आणि तेव्हापासून जग डायोक्लेशियनचा कोबी म्हणतं. पालेभाजी म्हटलं की युरोपच्या मनात कोबी उभा राहतो, हे खरं. तुमच्या ओलेरासियामध्येही तोच ‘ओलेरा’ आहे.

भाचा : मग माझंच म्हणणं सिद्ध झालं.

मावशी : अर्थाच्या बाबतीत. आवाजाच्या बाबतीत नाही. आणि कधी कधी कान दोघांनाही हुलकावणी देतो. अल्सासमध्ये आंबवलेल्या कोबीला सूरक्रूत म्हणतात. ‘सूर’ म्हणजे आंबट, ‘क्रूत’ म्हणजे कोबी. फ्रेंचांनी तो शब्द ऐकला आणि त्यांना पहिल्या अर्ध्यात आपला शू, म्हणजे कोबी, ऐकू आला. त्यांनी त्याचं शुक्रूत केलं. आता त्यातला शू जिथे बसलाय ती जागा आंबटाची आहे, आणि खरा कोबी ‘क्रूत’मध्ये आहे, जो फ्रेंचांना पावाच्या कडक सालीसारखा ऐकू येतो. तुझ्या बाजारानं हा शब्द समजणार नाही, कारण पदार्थ तोच राहिला. माझ्या नियमानंही नाही, कारण ‘स’चा ‘श’ होण्याचं तिथे कारण नव्हतं. परक्या शब्दात आपला शब्द शोधण्याची माणसाची ओढ, एवढंच त्याचं उत्तर.

*

ही तिसरी वाट दोघांच्याही मांडणीत आधी नव्हती, आणि तिच्यावाचून भारतातली हकीकत सांगताच येत नाही.

भाचा : आमच्याकडे उत्तरेतून येणारे बियाणेवाले गोभी म्हणतात. एकजण मला ठासून सांगत होता की हा शुद्ध संस्कृत शब्द आहे, पोर्तुगिजांचा काही संबंध नाही. गोजिह्वा, गायीची जीभ. खरखरीत पानांची औषधी वनस्पती, निघंटूंत नोंदवलेली.

मावशी : ती नोंद खरी आहे. ‘जिह्वा’ची जीभ होते, तशी गोजिह्वाची गोभी होणंही रीतसर आहे. हिंदीत त्या औषधीला गोभी हे नाव होतं. पण त्यावरून कोबी संस्कृत ठरत नाही. आपला शब्द बघ, त्यात ‘ग’ही नाही आणि ‘भ’ही नाही. गुजरातीत कोबी, कोबीज. कोकणीत कोबी. बंगालीत कपि, बांधाकपि आणि फुलकपि. सिंहलीत तर कोबीला गोवा म्हणतात. या सगळ्या किनाऱ्यांवर पोर्तुगीज गलबतं लागत होती. संस्कृतातून आलेला शब्द किनाऱ्याकिनाऱ्यानं असा पसरत नाही. मला वाटतं, बाहेरून आलेला शब्द उत्तरेत पोचला तेव्हा तिथे घरची गोभी आधीच होती. दोन्ही एकमेकांत मिसळले. शुक्रूतसारखंच.

भाचा : हे तुझं मत की कुणाचा आधार आहे?

मावशी : मिसळण्याचं माझं मत. पोर्तुगीज मुळाचा आधार मात्र आपल्याच माणसाचा आहे. गोव्यातल्या आसगावचे मोन्सिन्योर सेबास्तियांव रोदोल्फो दलगादो. त्यांनी १९१३ मध्ये पोर्तुगीज शब्द आशियाच्या कुठल्या कुठल्या भाषांत गेले याचा ग्रंथ काढला. बटाटा, काजू, पाव, साबण, पगार, असे शेकडो शब्द, आणि प्रत्येक शब्द ज्या ज्या भाषांत शिरला तिथलं रूप. त्याचा इंग्रजी अनुवाद १९३६ मध्ये बडोद्याहून निघाला. घरात कोकणी, कामात पोर्तुगीज, अभ्यासात संस्कृत, अशा माणसालाच हे काम जमणार. मराठीत त्यांचं ऋण पुरेसं मानलं जात नाही, याचं मला वाईट वाटतं.

भाचा : पण सुट्या पानांच्या भाजीचं नाव आपल्याकडे येऊन गड्ड्याला कसं लागलं? पोर्तुगिजांचा रेपोल्यू का नाही आला?

मावशी : याचं उत्तर तूच दे.

भाचा : माझा अंदाज सांगतो. आपल्याकडे पालेभाज्यांना तोटा नव्हता. माठ, चाकवत, अळू, शेपू, पोकळा. आणखी एका सुट्या पानाच्या भाजीला कुणी विचारलं नसतं. गड्डा मात्र नवा होता, तो टिकतो, बैलगाडीतून लांब नेता येतो. म्हणून रुजला तो गड्डा, आणि त्याला वर्गाचं जे नाव कानावर पडलं तेच लागलं. निवड करण्याजोगं दुसरं कोबीकुळ समोर नव्हतंच. पुढे दुसरं आलं तेव्हा लगेच पत्ताकोबी आणि फुलकोबी असा फरक करावा लागला, विदर्भात अजून तसं म्हणतात. फ्लॉवरचं बी इंग्रजांनी आणलं, सहारनपूरच्या कंपनी बागेत १८२२ साली, असं आम्हाला शिकवतात. म्हणून पश्चिम महाराष्ट्रात त्याचं नाव इंग्रजी.

मावशी : आणि अर्धंच. इंग्रजी शब्दातला पहिला भाग म्हणजे पुन्हा आपला काउलिस. तो मराठीनं सोडला आणि फूल ठेवलं. फ्रेंचमध्ये शू-फ्लर, स्पॅनिशमध्ये कोलिफ्लोर, पोर्तुगीजमध्ये कोउव्ह-फ्लोर, सगळे दोन्ही भाग बोलतात.

भाचा : कारण ‘कोबी’चं दुकान आधीच भरलेलं होतं. दोन भाज्या वेगळ्या ओळखू याव्यात एवढंच हवं होतं.

मावशी : मान्य. आता मी तुला एक विचारते. कोबीच्या कुळात खरोखर दांडा खातात अशी भाजी कुठली?

भाचा : नवलकोल. जमिनीच्या वर फुगलेलं खोडच ते.

मावशी : त्यातला ‘कोल’ कुठला? डच भाषेत कोबीला कोल म्हणतात, जर्मनमध्ये कोल, आणि दोघांनीही तो फार पूर्वी रोमन लोकांकडून घेतला. तोच काउलिस. पोर्तुगिजांनी वाटेत टाकलेला ‘ल’ डचांनी सांभाळून आणला. डच ‘क्नोल’ म्हणजे गड्डा, गाठ. क्नोलकोल. इंग्रजांनी भारतात त्याचं नोलकोल केलं, हॉब्सन-जॉब्सन या अँग्लो-इंडियन शब्दकोशात १८८६ साली त्याची नोंद आहे. मराठीनं त्यात ‘नवल’ ऐकलं. आता माझ्या मुद्द्यावर ये. दांडा खायच्या भाजीला दांडा असा मूळ अर्थाचा शब्द होताच, तरी डचांना त्याला ‘गाठ’ जोडून घ्यावी लागली. कोल म्हणजे कधीकाळी देठ होता, हे कुणालाही आठवत नव्हतं.

भाचा : पण जोडलं काय? गाठ. डोळ्यांना दिसली ती. बेळगावच्या बाजारात याला काय म्हणतात, ठाऊक आहे? दोन नावं ऐकली मी. एक गड्डेकोसु. गड्डे म्हणजे गाठ, कोसु म्हणजे कोबी. डच ठाऊक नसलेल्या माणसानं डच शब्दाची हुबेहूब तीच बांधणी केली, कारण भाजी तशी दिसते.

मावशी : कन्नडमधला कोसु, तमिळमधला कोस, यांत मला पोर्तुगीज अनेकवचनाचा ‘स’ दिसतो. कोउव्हश, अनेक कोबी. दुसरं नाव कुठलं?

भाचा : नविलुकोसु. नविलु म्हणजे मोर.

मावशी : म्हणजे डचांच्या गाठीचं मराठीत नवल झालं आणि कन्नडमध्ये मोर.

भाचा : आणि मोराला जोडलेला कोबी पोर्तुगिजांचा. भाजीवाली मात्र ती बेळगावचीच होती, आणि तिनं दोन्ही नावं एकाच पाटीतल्या भाजीला सांगितली. कोणतं खरं म्हणून विचारलं, तर म्हणाली, पाला काढून देऊ का ठेवून देऊ?